म्हापशाच्या कोर्टातून प्रसारण हक्कांकडे

मिरामारच्या लॉ कॉलेजातून बाहेर पडल्यावर मी म्हापशाला सीनियरांकडे ज्युनियर होते. मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे दावे, वाटण्या, शेजाऱ्यांच्या वाटेची भांडणं. तिथून खेळाच्या प्रसारण हक्कांचं काम करणाऱ्या कंपनीत कशी गेले, हे आता ज्युनियर मुली विचारतात.

ओढ लागली ती 2020-21 मध्ये. इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा अख्खा हंगाम त्या वर्षी गोव्यातच झाला: फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. स्टँड रिकामे, प्रेक्षक सगळे पडद्यासमोर. मैदानापासून पडद्यापर्यंतच्या या वाटेवर कोणाचा काय हक्क असतो, ते शोधत मी कायदा नव्याने वाचायला घेतला.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, ‘सामन्याचा मालक कोण?’ मी म्हटलं, कॉपीराइट कायद्यात खेळाला मालक नाही. आयोजकाच्या हातात मैदानाचा प्रवेश असतो आणि खेळाडू-क्लबांशी केलेले करार असतात. कॅमेरा आत न्यायची परवानगी तो त्या जोरावर विकतो. प्रसारण झालं की मात्र कलम 37 खाली प्रसारकाला स्वतंत्र हक्क मिळतो, 25 वर्षांचा. पुढची सगळी चर्चा याच फरकावर झाली.

नोकरी ठरल्यावर सनदेचा विषय आला. पूर्णवेळ पगारी नोकरी करताना वकिली करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 प्रमाणे आपल्या राज्याच्या कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. अर्ज सोपा होता, पण आई म्हणाली, ‘म्हणजे आता कोर्टात उभी राहणार नाहीस गो?’ तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. ज्यांना कोर्टातली बाजू मांडणंच प्रिय आहे, त्यांनी या वाटेला येण्याआधी महिनाभर तरी विचार करावा.

कामाचा खरा कस हक्कांचे तुकडे पाडण्यात लागतो. टीव्ही वेगळा, डिजिटल वेगळं, हायलाइट्स वेगळे, परदेशातलं प्रसारण वेगळं. मैदानात वाजणारं गाणं प्रसारणाच्या फीडमध्ये गेलं तर त्याच्या परवानगीचं काय? सामना पावसाने रद्द झाला तर पैसे कोणाचे? राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून अधिसूचित झालेली स्पर्धा असेल, तर 2007 च्या कायद्याप्रमाणे थेट सिग्नल प्रसार भारतीलाही द्यावा लागतो. त्या टीव्ही जाहिरातींच्या उत्पन्नात हक्कधारकाचा वाटा किमान 75 टक्के. हे सगळं किक-ऑफआधी कागदावर हवं. कोर्टात पुढची तारीख मागता येते, सामन्यासाठी तशी सोय नाही. रात्री उशिरा निर्मितीवाल्यांचा फोन आला की कलम वाचून दाखवण्यापेक्षा ‘हे दाखवा, ते नको’ असं नेमकं सांगता यायला हवं.

ज्युनियरना मी एक निकाल आवर्जून वाचायला सांगते. 2013 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एसएमएसवरून स्कोअर पाठवणाऱ्यांवरची मनाई उठवली. आपल्या अशिलाचा हक्क कुठे संपतो, हे कंपनीतल्या वकिलाला आधी कळलं पाहिजे.

आता आमच्या पेडण्याकडच्या गावांतल्या स्पर्धांचे सामनेही मुलं मोबाइलवरून थेट दाखवतात. क्लबवाले विचारायला येतात तेव्हा मी दोन पानी मराठी करार करून घ्यायला लावते: चित्रण कोण करणार, रेकॉर्डिंग कोणाकडे राहणार, जाहिरातीचे पैसे कसे वाटायचे. खेळाडूंच्या सह्या त्यावर आधी घ्यायच्या, टॉस नंतर.