स्टेंटच्या आधी एमआरसीपी : बाबांच्या काविळीचा तपास

बाबांचं बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग देणारा पदार्थ) १४, त्यातलं ११ डायरेक्ट, म्हणजे यकृताने प्रक्रिया करून पित्तात सोडायचं. तपासाची दिशा या दुसऱ्या आकड्याने ठरली. आपल्या विदर्भात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. त्यात रक्तपेशी फुटून कावीळ होते तेव्हा इनडायरेक्ट, म्हणजे यकृताने प्रक्रिया करण्याआधीचं, बिलिरुबिन वाढतं. (सिकलसेलवाल्यांना पित्तखडेही होतात, तिथे दोन्ही शक्यता बघाव्या लागतात.) इथे अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी (पित्त अडलं की रक्तात वाढणारी एन्झाइम्स) वाढलेलं, लघवी गडद, शौच पांढरट, अंगभर खाज. म्हणजे पित्ताची वाट अडलेली.

सोनोग्राफीत यकृतातल्या नलिका फुगलेल्या दिसल्या, खडा नाही. पण नलिकेचं खालचं टोक आतड्यातल्या गॅसमागे लपतं, त्यामुळे 'खडा नाही' या शब्दांवर फार विसंबू नये.

लगेच ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत शिरणं) करून स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी नळी, टाकण्याचा सल्ला मिळाला. थंडी वाजून ताप येत असेल तर पित्तात जंतुसंसर्गाची शक्यता असते, तिथे उशीर करायचा नसतो. बाबांना ताप नव्हता, म्हणून आधी एमआरसीपीचा (एमआरआय मशीनवर पित्तनलिकांचं चित्र) आग्रह धरला. स्टेंटमुळे नलिकेची भिंत सुजते आणि मूळ आजार कोणता, सूज कोणती, हे चित्रावरून ओळखणं अवघड होतं. शिवाय ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

एमआरसीपीला चार-सहा तास उपाशी राहावं लागतं. नागपूरच्या मे महिन्यात सकाळची वेळच मागावी. फिल्मसोबत सीडीही घ्या, दुसऱ्या डॉक्टरला तीच लागते.

एमआरसीपीत दिसलं ते असं: नलिका खाली चिंचोळी, स्वादुपिंड सगळीकडून फुगलेलं. त्यात सीए १९-९ (स्वादुपिंड-पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये वाढणारा रक्तातला आकडा) वाढलेला, म्हणून घरात सगळ्यांनी कॅन्सरच धरला. पण पित्त तुंबलं की हा आकडा नुसत्या तुंबण्यानेही चढतो. कावीळ उतरल्यावर तो पुन्हा तपासायचा असतो.

फुगलेलं स्वादुपिंड पाहून पोटाच्या डॉक्टरांनी रक्तातलं आयजीजी-४ मागवलं. ही एक अँटिबॉडी; शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडाला सुजवते त्या एका आजारात ती वाढते, आणि तो स्टेरॉइडने उतरतो. बाबांचं आयजीजी-४ नेहमीच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त निघालं. तेवढ्यावर स्टेरॉइड सुरू केलं नाही, हे फार बरं झालं: कॅन्सरमध्येही आयजीजी-४ थोडं वाढू शकतं, आणि लिम्फोमा (लसीका पेशींचा कॅन्सर) तर स्टेरॉइडने काही काळ दबतो, मग निदान हुकतं. आधी एंडोस्कोपिक सोनोग्राफीतून (दुर्बिणीच्या टोकावरून केलेली सोनोग्राफी) स्वादुपिंडाचा तुकडा घेतला. त्याआधी आयएनआर वाढलेला होता, म्हणजे रक्त गोठायला वेळ लागत होता. पित्ताअभावी रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, म्हणून त्याची इंजेक्शनं दिली.

तुकड्यात कॅन्सर नव्हता, आयजीजी-४ च्या पेशी भरपूर होत्या. म्हणजे तोच प्रतिकारशक्तीचा आजार. स्टेरॉइडने दबलेला संसर्ग उफाळू शकतो, म्हणून हिपॅटायटिस बी आणि छातीचा एक्स-रे पाहून मगच प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं. स्टेरॉइडने साखर वाढते, म्हणून आता साखरेवर लक्ष, आणि डोस उतरवताना कावीळ परततेय का, ते पाहायला रक्ततपासणी.