चित्रातली ती आणि चित्र काढणारी ती

बुधवार, रात्री उशिरा

आज लेकीचं चित्र काढलं. ती बुटाची नाडी बांधत होती. नाडी बांधताना तिची जीभ जराशी बाहेर येते, गुडघा हनुवटीला टेकतो आणि वाकलेल्या पाठीवर मणके एकेक करून दिसायला लागतात. हे सगळं कागदावर उतरायच्या आत ती उठून पळालीसुद्धा. वहीत राहिली मानेपासून कमरेपर्यंतची एक रेघ आणि अर्धा गुडघा. पण ती रेघ अगदी तिचीच आहे. क्लासमध्ये समोर तासभर स्थिर बसलेल्या माणसाची पाठ मला अशी कधी साधली नव्हती. ही पाठ मी रोज चोळते, पुसते, थोपटते. हाताला ती आधीपासूनच माहीत आहे.

सुचायला एकांत हवा, असं नेहमी ऐकते. मला ते पटत नाही. चित्रकार पॉल क्ले जर्मनीत म्युनिकला राहत असताना त्याची बायको लिली पियानोच्या शिकवण्या घेऊन घर चालवायची. मुलाला, १९०७ साली जन्मलेल्या फेलिक्सला, क्ले सांभाळायचा. स्वयंपाकघरातच चित्रं काढायचा. फेलिक्सचं वजन किती, ताप किती, नवा शब्द कुठला, याच्या नोंदी ठेवायचा. पुढे १९१६ पासून त्याने फेलिक्ससाठी हातात घालून नाचवायच्या बाहुल्या केल्या, घरातल्याच चिंध्या, प्लॅस्टर, हाडं असं हाताला येईल ते वापरून. एका बाहुलीचं डोकं तर चक्क विजेच्या सॉकेटचं आहे! सुमारे ५० केल्या होत्या, त्यातल्या ३० आजही आहेत. खेळणं आणि कला अशी वाटणी त्या घरात कुणी करत बसलं असेल, असं मला वाटत नाही.

पण आज डोक्यात घोळतंय ते बर्थ मोरिसो या फ्रेंच चित्रकर्तीचं ‘पाळणा’. १८७२ सालचं चित्र. संध्याकाळी मोबाइलवर मोठं करून कितीतरी वेळ पाहत बसले. पाळण्यावर पातळ पांढरी जाळी आहे, आत बाळ झोपलंय, शेजारी आई बसली आहे. आईचा डावा हात कोपरात दुमडून गालाशी टेकलाय. बाळाचा हातही तसाच दुमडलेला. आईची नजर तिरकी खाली उतरते आणि बाळाच्या मिटलेल्या डोळ्यांशी थांबते. दुसऱ्या हाताने तिने जाळीची कड धरली आहे, त्यामुळे बाळ आपल्याला दिसतं ते जाळीआडून, धूसर. ते फक्त तिचं आहे, आपण बाहेरचे.

ही आई म्हणजे बर्थची थोरली बहीण एद्मा. दोघी लहानपणापासून बरोबर चित्रकला शिकल्या, बरोबर रंगवत राहिल्या. १८६९ मध्ये एद्माचं लग्न झालं आणि तिची चित्रकला थांबली. म्हणजे ब्रश खाली ठेवलेली बहीण चित्रात बसली आहे आणि हातात ब्रश असलेली बहीण तिला रंगवते आहे. हे कळल्यापासून त्या चेहऱ्यावर मला नुसतं वात्सल्य दिसत नाही. थकवा दिसतो, आणि आणखी काहीतरी, ज्याला नाव देता येत नाही. १८७४ च्या इम्प्रेशनिस्टांच्या, म्हणजे बदलता उजेड टिपू पाहणाऱ्या चित्रकारांच्या गटाच्या, पहिल्या प्रदर्शनात हे चित्र लागलं होतं, तेव्हा फार कुणी दखल घेतली नाही. विकलंही गेलं नाही. घरातच राहिलं आणि १९३० मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने घेतलं.

घरात विषयांना तोटा नाही, हे क्लेच्या घरातही खरं होतं आणि एद्माच्याही. पण क्लेसाठी लिली शिकवण्या घेत होती. एद्माची ती जाळीची कड थोडा वेळ धरायला कोण होतं?

आमच्या घरी रात्री लेकीला झोपवायचं काम नवऱ्याचं आहे. तेवढा वेळ माझा. आजचं हे पानही त्याच वेळेतलं.

आणि मग ताई आठवली. ताई माझ्यापेक्षा कितीतरी छान काढायची. जलरंगात पाण्याला कुठे थांबवायचं ते तिला उपजतच कळायचं, मी अजून शिकतेच आहे. दोन मुलं झाल्यापासून तिने कागदाला हात लावलेला नाही. ‘पाळणा’ पाहताना मला सारखी तीच दिसत होती, म्हणून न राहवून फोन केला.

“रविवारी दुपारी मुलांना माझ्याकडे सोड,” म्हटलं.

“का गं? काय आहे रविवारी?”

“काही नाही. तू रंगव.”

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “रंग वाळले असतील गं.”

“माझे घे. वहीही घे.”

“बघते,” म्हणाली. तिचं “बघते” मला माहीत आहे, म्हणून शनिवारीच रंगांची पेटी तिच्या घरी पोचवून येणार आहे. निळा संपत आलाय, तेवढा उद्या आणायला हवा. आकाशाशिवाय तिचं चित्र सुरूच होत नाही.