निवड झाली आणि मग रद्दचं पत्र आलं
आज मामेभावाच्या पोराला घेऊन वकिलांकडे गेलो होतो. पोलीस शिपाई भरतीत निवड झालेली, गावात पेढे वाटून झाले, मेडिकल झालं आणि चारित्र्य पडताळणीनंतर पत्र आलं की निवड रद्द. कारण काय तर जत्रेतल्या मारामारीची जुनी केस, ज्यात पोरगं निर्दोष सुटलंय आणि फॉर्ममध्ये त्याने ती स्वतःच्या हाताने लिहिलीय, केस नंबरसकट!

वकिलांनी आधी निकालपत्र उघडलं, साक्षीदार फितूर झाले म्हणून सुटला की पुरावाच नव्हता ते बघितलं. म्हणाले थेट हायकोर्टात नाही जायचं, आधी मॅट, म्हणजे सरकारी नोकरीचे वाद ऐकणारं महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, अर्ज आदेशापासून वर्षाच्या आत. सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल आहे, गुन्हा किरकोळ आहे का, माहिती लपवली का हे सगळं तपासून ठरवावं लागतं. पण खरं लिहिलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी असंही नाही, हेही स्पष्ट सांगितलं त्यांनी.

मला राग त्या एका ओळीच्या पत्राचा येतोय. १६०० मीटरसाठी पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं ही, निदान कारण तरी धड लिहा ना. २०२२ मध्ये तृतीयपंथी उमेदवारांना याच पोलीस भरतीच्या फॉर्ममध्ये स्वतःच्या लिंगाचा साधा पर्याय मिळायलासुद्धा मॅट आणि हायकोर्टापर्यंत जावं लागलं.

कुणाकडे अशा प्रकरणातली मॅटची ऑर्डर असेल तर प्लीज मेसेज करा, सोमवारी कागद द्यायचेत.