जरा वर, जरा डावीकडे

परवा दुपारी एका प्रदर्शनात शिरले. लोणची, कुर्ते, मसाले, आणि अगदी शेवटच्या गाळ्यात काशाच्या थाळीचं मशीन. खुर्चीत बसायचं, तेल लावलेल्या थाळ्यांवर तळपाय टेकवायचे, बटण दाबलं की थाळ्या गरागरा फिरतात. एका खुर्चीत सत्तरीचे काका, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. शेजारी काकू, साडीचा घोळ दोन्ही हातांनी आवरून धरलेला. दोघांचेही डोळे मिटलेले.

मला हेवा वाटला तो थाळ्यांचा नाही. दोघांचे पाय एकाच वेळी चोळून मिळत होते, त्याचा.

घरी हे होत नाही. घरी एकाला वाकावं लागतं आणि दुसऱ्याला पडावं लागतं. 'आधी तू माझे खांदे दाबून दे, मग मी तुझे पाय चेपते' हा करार किती घरांत होत असेल कोण जाणे, पण तो पुरा झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पहिला झोपतो. झोपलेल्या माणसाला हलवून 'आता माझा नंबर' म्हणायला जो कोडगेपणा लागतो तो दुसऱ्याकडे नसतो. तो आपली पाठ आपणच दाराच्या चौकटीला घासून घेतो.

आमच्या आजीकडे काशाची वाटी होती. हल्ली लाकडी मुठीची मिळते तसली नव्हे. साधी, जड, कडा झिजून गुळगुळीत झालेली. उन्हाळ्यात गच्चीवर गाद्या पडल्या की ती आजोबांचा तळपाय मांडीवर घ्यायची. बोटभर साजूक तूप. आधी टाच, मग चवडा, मग घोट्याभोवती गोल गोल. बांगड्या कोपराकडे सरकवलेल्या, तरी एखादी निसटून किणकिणायची. थोड्या वेळानं तूप काळं पडायचं. आजी ते बोटावर घेऊन आम्हाला दाखवायची, "बघा, केवढी उष्णता होती अंगात!"

दादा हायस्कुलात गेल्यावर त्याला कंठ फुटला. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण 78 टक्के आणि 22 टक्के, धातू तुपात घासला की काळं होणारच, त्यात उष्णता-बिष्णता काही नाही, वाटी फरशीवर घासलीस तरी होईल. आजीनं सगळं ऐकून घेतलं. हात चालूच. मग म्हणाली, "फरशी घोरते का रे?"

आजोबा घोरत होते.

बाबांचं मात्र चेपण्यानं भागायचं नाही. त्यांची पाठ तुडवावी लागे. ते सतरंजीवर पालथे पडायचे, मी खिडकीचे गज धरून वर चढायचे. मणक्यांवर पाय द्यायचा नाही, दोन्ही बाजूंनी चालायचं, आणि बोटांनी नाही, टाचेनं. "जरा वर. जरा डावीकडे. हां, तिथंच. तिथंच उभी राहा." उजव्या खवाट्याखाली एक गाठ होती, ती टाचेखाली आली की टुणकन सरकायची आणि बाबांच्या तोंडून लांबलचक 'आऽऽ' निघायचा. हा दुखल्याचा की बरं वाटल्याचा, ते मला कधी उमगलं नाही. घाबरून उतरले की ओरडा बसायचा, "उतरलीस कशाला?" मजुरी चार आणे. पुढे माझं वजन वाढलं आणि एका रविवारी सरळ धाकट्या भावाला हाक गेली. ना नोटीस, ना फंड. तो पठ्ठ्या तर वर चढून नाचायचा, आणि त्याला आठ आणे! हे मी अजून विसरलेले नाही.

खरा हात म्हणजे काय ते बाळंतपणात कळलं. बाळाला आणि मला तेल लावायला एक मावशी यायच्या. पाय लांब करून भिंतीशी बसायच्या, नडग्यांवर बाळाला आडवं घालायच्या, आणि घरभर टाहो फोडणारं ते पोर त्यांच्या पायांवर मुकाट व्हायचं. मग माझी पाळी. कुठं दुखतंय हे विचारलं नाही कधी. अंगठा फिरवता फिरवता आपोआप त्या जागेवर थांबायचा. "अंग ढिलं सोडा, ताई."

"सोडलंय की."

"कुठं सोडलंय? खांदे कानाला लागलेत."

आता नवऱ्याबद्दल. माणूस मनाचा चांगला आहे, दाब म्हटलं की दाबतो. पण एका हातात मोबाइल, त्यात क्रिकेट, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा माझ्या खांद्यावर रोवलेला. ओव्हर संपेपर्यंत तो अंगठा तिथंच. ओव्हर संपली की जागा बदलते. नो-बॉल पडला तर मी मेले. आणि मध्येच तो विचारतो, "बास?" या प्रश्नाची मला मनस्वी चीड आहे. 'हो' म्हणावं तर मन भरलेलं नसतं, 'नाही' म्हणावं तर आपण हावरट ठरतो, आणि त्यानंतरचं सगळं दाबणं उपकाराचं होतं.

पुंडलिकानं 'बास?' विचारलं नसणार. आईवडिलांचे पाय चेपत होता, दारात साक्षात देव आला, तर यानं हातसुद्धा काढला नाही. वीट भिरकावली आणि म्हणाला, थांब. 28 युगं झाली, आमचा देव अजून उभाच आहे. आपल्या सगळ्या वारीच्या मुळाशी हे एक पाय चेपणं आहे, ही मला मोठी मौजेची गोष्ट वाटते. आणि उभं राहून देवाचेही पाय भरून येतात हे पंढरपूरकरांना ठाऊक आहे. आषाढीला दर्शन रात्रंदिवस चालतं, देवाला निजायला मिळत नाही, म्हणून शेजघरातला पलंग काढून ठेवतात आणि पाठीशी मऊ लोड देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा. पायांना लिंबू-साखर चोळायची, ऊन पाण्यानं न्हाऊ घालायचं, रात्री काढा द्यायचा. मग कुठं देव पलंगावर.

पुण्यात पालख्या मुक्कामाला असल्या की कॉलेजची पोरं वारकऱ्यांच्या पायांना तेल लावून देतात. एकदा एका शाळेच्या व्हरांड्यात पाहिलं. म्हातारी आजी पाय पोटाशी ओढून घेत होती, "नगं रं बाळा, पायाला हात नगं लावू." पोरगं ऐकेना. भेगाळलेल्या टाचांत तेल मुरवत बसलं. आजी सैलावली, गप्प झाली. मला वाटलं, आता ही झोपणार. तर तिनं त्याचाच तेलकट पंजा ओढून घेतला आणि त्याची बोटं एकेक करून दाबून द्यायला लागली. "दमला असशील." तो बापडा लाजून इकडेतिकडे बघत होता. घरी तो वडिलांचे पाय कधी चेपत असेल असं मला तरी वाटलं नाही; पण ते जाऊ दे.

अष्टांगहृदयात वाग्भटानं अभ्यंग रोज करावा असं सांगितलंय, त्यातही डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष. हे नवऱ्याला तोंडपाठ आहे. त्याच ठिकाणी पुढं असंही आहे, की ज्याला कफ झालाय किंवा अजीर्ण झालंय त्यानं अभ्यंग टाळावा. हे मला तोंडपाठ आहे. त्यामुळे रविवारी श्रीखंड-पुरीवर आडवा हात मारून, ढेकर देत तो पाय पुढे करतो तेव्हा मी वाग्भटाला पुढे करते.

त्याच्या बाजूनं दिवाळीचा पाडवा आहे. तेव्हा अजीर्ण चालत नाही. पहाटे पाटावर बसवून तेल मीच लावायचं, उटणं मीच चोळायचं, आणि वर ओवाळायचंही मीच. एरवी साडीवर भागतं. यंदा ओवाळणीत खांदे दाबून मागणार आहे, त्याच दिवशी, मोबाइल आत ठेवून. फक्त पाडव्याला मॅच आहे का, ते आधी बघायला हवं.