वाव (पायऱ्यांची विहीर) कॅम्पेन अपडेट: पॅलाडिनचा माज उतरला (थोडा)

नवरात्रात टेबल बंदच होतं, बडोद्यात त्या नऊ रात्री गरबा सोडून डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून आपापलं पात्र खेळायचा खेळ) खेळायला कोण येणार! दिवाळीनंतर परत बसलोय. पार्टी (म्हणजे पात्रांची टोळी) लेव्हल ५, नियम २०१४च्या पुस्तकांचे, डीएम म्हणजे खेळ चालवणारा मीच. भांडणही तेच, मामेभावाचा पॅलाडिन (दैवी जादूवाला योद्धा) सगळं एकटाच मारतो आणि दादाचा फायटर (साधा लढवय्या) दार अडवून उभा.

शेवटी कागदावर हिशोब मांडला. दोघांकडे ग्रेटसोर्ड, स्ट्रेंथ १८, दोन्ही अटॅक लागले तर सरासरी डॅमेज २२, इथवर बरोबरी. पॅलाडिन दोन्ही फटक्यांवर सेकंड लेव्हलचे स्लॉट (जादूचा मोजका साठा) स्माइटला, म्हणजे फटक्यात दैवी जादू भरायला, घालतो, वर ६डी८ (आठ बाजूंचे सहा फासे) म्हणजे सरासरी अजून २७, एकूण ४९. फायटर अॅक्शन सर्ज (त्या टर्नला एक जादा अॅक्शन) काढून चार वार करतो, ४४. फरक फक्त पाचचा! मग टेबलवर एवढा का जाणवतो? कारण पॅलाडिनकडे पुढच्या टर्नला फर्स्ट लेव्हलचे चार स्लॉट शिल्लकच असतात, लढाई तीन राउंडमध्ये आटपते आणि आटपली की सगळे लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) घेऊन मोकळे, सकाळी स्लॉट परत फुल. फायटरचा सर्ज शॉर्ट रेस्टला (तासाभराच्या विश्रांतीला) परत येतो पण शॉर्ट रेस्ट आम्ही घेतच नव्हतो, गरजच पडायची नाही ना. डीएमच्या पुस्तकात दिवसाला सहा ते आठ मीडियम-हार्ड एन्काउंटर आणि मधे दोनेक शॉर्ट रेस्ट धरलेत, आमच्याकडे रविवारी संध्याकाळी एक लढाई, मग शेव-उसळ, मग घरी.

तर आता खेळातला दिवस रविवारबरोबर संपत नाही. डंजन नवलखी वावेवरून उचललंय, पायऱ्या उतरत जायचं, प्रत्येक मजल्यावर काहीतरी, तळाला पाण्यात जायंट क्रोकोडाइल (मगरींच्या विश्वामित्री नदीच्या गावात मगर नाही तर काय ठेवणार). सेशन संपलं की सगळ्यांची शीट (पात्रांच्या नोंदींचे कागद) मी गोळा करून डब्यात ठेवतो, नाहीतर आठवड्याभरात स्लॉट आपोआप वाढतात, कसे ते विचारू नका.

दुसऱ्या मजल्यावर स्केलेटनचे चार एचपी (जीव मोजायचे पॉइंट) उरलेले आणि मामेभावाने सवयीने त्यावर सेकंड लेव्हलचा स्माइट टाकला, परातीत डी८ खणखणत पडले, सगळे हसले. मगरीपर्यंत पोचेस्तोवर त्याच्याकडे एकच फर्स्ट लेव्हल स्लॉट. दादाचा सर्ज मात्र ताजा, मगरीच्या ८५मधले निम्म्याहून जास्त एचपी त्यानेच एका टर्नमध्ये काढले. पण पॅलाडिन फुकट गेला असंही नाही, मगरीने विझर्डला (टोळीतल्या जादूगाराला) जबड्यात धरलं तेव्हा पॅलाडिनच्या ले ऑन हँड्सनेच (हात लावून बरं करायच्या शक्तीने) तो वाचला.

खरी मजा वहिनीच्या वॉरलॉकची (करार करून जादू मिळवलेलं पात्र). स्लॉट दोनच म्हणून ती इतके दिवस एल्ड्रिच ब्लास्टच (स्लॉट न लागणारा जादूचा मारा) मारत बसायची, आता दोन शॉर्ट रेस्टला ते परत भरतात हे धरून दिवसाला थर्ड लेव्हलचे सहा स्पेल. विझर्डकडे दोन, आर्केन रिकव्हरी (शॉर्ट रेस्टला थोडे स्लॉट परत मिळवायची सोय) धरून तीन. वहिनी फायरबॉल असे टाकते जसे फुटाणे वाटतेय.

विझर्डचं मात्र या उपायाने काही बिघडत नाही, कारण तो लढाईबाहेर भारी आहे. त्याचं पाळीव जादुई घुबड एकही स्लॉट न घालवता वावेचे सगळे मजले बघून येतं, अडलंच तर फ्लाय (उडायचा स्पेल) आहे, फायटरकडे काय तर अॅथलेटिक्सचा रोल आणि दोरी. स्लॉट संपवून हा फरक मिटत नाही, वर सेफ जागा मिळाली की रिच्युअल (स्लॉट न घालवता सावकाश केलेला स्पेल) करून परत सगळं शोधून काढतो.

२०२४च्या पुस्तकात स्माइट बोनस अॅक्शनवर (टर्नला एकदाच मिळणारी जोडीची कृती) गेलाय, म्हणजे एका टर्नला एकच, ते ४९ तिथे बसतच नाहीत. मामेभावाला अजून सांगितलं नाहीये. तोवर मगरीच्या खजिन्यात विंग्ड बूट्स (उडायचे बूट) ठेवलेत, दादानेच उचलावेत अशी इच्छा, आणि घुबडावर कोणाकडे उपाय असेल तर सांगा, सारखं मारलं तर विझर्ड चिडतो.