एमपीएससी सोडली, आता लोकांचा जीएसटी भरते

लोक विचारतात एमपीएससी नक्की कधी सोडलीस, तर अशी तारीख वगैरे काही नाहीये. २०१६ ला बार्शीहून पुण्यात आले, बीएस्सी झालेली, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणं, अभ्यासिकेत एक टेबल, दोन वेळची मेस, आणि घरी सांगितलेलं की दोन वर्षं द्या फक्त. दोनाची सहा कधी झाली कळलंच नाही. म्हणजे कळत होतं, कळून घ्यायचं नव्हतं.

मार्च २०२१ मध्ये १४ तारखेची पूर्वपरीक्षा ऐन तीन दिवस आधी पुढे ढकलली तेव्हा शास्त्री रोडवर पोरं उतरली होती, त्यात मी पण होते. शेजारी एक मुलगी घोषणा देता देता थांबली आणि म्हणाली, "ताई, तुमचा कितवा अटेम्प्ट?" मला एकदम ताई! परवापर्यंत मी दुसऱ्यांना ताई म्हणत होते. परीक्षा मग २१ ला झाली, मी दिली पण, पण ते ताई काही डोक्यातून गेलं नाही.

ह्या परीक्षेचं एक आहे, ती तुम्हाला हाकलत नाही. ओपनला वय ३८, मागासवर्गीयांना ४३, म्हणजे उठायचं तर स्वतःहूनच उठायला लागतं. मध्ये ओपनला सहाच अटेम्प्ट द्यायचं ठरलं होतं तेव्हा मी पण भरपूर शिव्या घातल्या, नंतर ते मागे घेतलं. आता वाटतं कोणीतरी आपल्याला बस म्हणावं हे मलाच हवं होतं बहुतेक.

शेवटी सुटलं ते मेसवाल्या काकूंमुळे. एकदा वाढता वाढता त्यांनी मोबाइल पुढे केला, "बघ गं काय आलंय, तू एवढा अभ्यास करतेस." रिटर्न भरलं नाही म्हणून जीएसटीची नोटीस होती, पंधरा दिवसांची मुदत. आता जीएसटी म्हटलं की मला १०१ वी घटनादुरुस्ती, कलम २७९अ, १ जुलै २०१७ असं सगळं झोपेत पाठ, पण ह्या बाईने आता नेमकं कुठे जाऊन काय भरायचं ते एक अक्षर सांगता येईना. इतकी लाज कुठल्या निकालाला वाटली नव्हती. त्यांच्यासोबत मार्केट यार्डातल्या एका टॅक्स कन्सल्टंटकडे गेले, त्यांचं काम झालं, आणि निघताना मीच विचारलं की सर, तुम्हाला माणूस हवाय का.

पगार दहा हजार. शिकवायला बावीस वर्षांचा बीकॉमवाला पोरगा. पहिल्या दिवशी बिलांची पिशवी माझ्यापुढे ओतली, भुसाराच्या दुकानातली, हळदीचे पिवळे डाग पडलेली, आणि म्हणाला, "ताई, आधी जीएसटी नंबर बघायचा, सुरुवातीला २७ असेल तर पार्टी महाराष्ट्रातली." (हो, इथेही ताईच.) संध्याकाळी टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकायला क्लास लावला, तिथे शेजारी बारावीची पोरं.

दुसऱ्याच महिन्यात घोळ घातला. एका व्यापाऱ्याचं मोठं बिल मी खरेदीदाराचा नंबर न टाकता किरकोळ विक्रीत ढकललं. ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, गेला, मी खूष. १४ ला खरेदीदाराची २बी, म्हणजे त्याच्या खरेदीच्या बिलांची यादी, तयार झाली तर त्यात ते बिलच नाही, म्हणजे त्याने भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या टॅक्समधून वजावट, त्याला घेता येईना आणि टॅक्स भरायची २० तारीख तोंडावर. तो माणूस फोनवर जे बोलला ते इथे लिहीत नाही. सरांनी पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती करून घेतली, पण त्या रात्री मला मेन्स गेल्यापेक्षा जास्त रडू आलं, आणि गंमत म्हणजे सकाळी उठून परत ऑफिसला जावंसं वाटलं. अभ्यासिकेत असं कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं.

सहा वर्षं अगदीच पाण्यात गेली असंही नाही. रटाळ सरकारी परिपत्रक झोप न येता शेवटपर्यंत वाचायची सवय लागलीये, ऑफिसमध्ये हे काम आता माझ्याकडेच असतं.

घरचं विचारू नका. पप्पा वर्षभर पाहुण्यांना "ट्रेनिंग चालूये" एवढंच सांगत होते, कसलं ते नाही. मीही कधी दुरुस्त केलं नाही. काकूंचं जीएसटीचं तिमाहीचं चलन मात्र १८ तारखेच्या आत मीच भरते, फी विचारली की त्या रागावतात म्हणून विचारत नाही, त्याच खिचडीचा डबा पाठवतात.

काल तो बीकॉमवाला पोरगा चहा पिताना म्हणाला, "ताई, मी पण राज्यसेवा द्यायचं म्हणतोय, पुस्तकं आहेत ना तुमच्याकडे?" आहेत म्हटलं, दोन खोकी, पलंगाखाली. द्यायची का नाही ते अजून ठरत नाहीये. २० तारीख जाऊ दे आधी.