रबराची पट्टी आणि ‘वाचने जुळत नाहीत’ हा शेरा : माझा अनुभव

साताऱ्यातील आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या दोन विद्यार्थिनींनी विज्ञान प्रदर्शनासाठी ताणलेल्या रबरातील ऊर्जेचे रूपांतर हा विषय घेतला आणि त्यांची मार्गदर्शक मी होते. सायकलच्या ट्यूबची पट्टी, वजने आणि मोजपट्टी पोवई नाक्यावर सहज मिळाली. मांडणीलाही अडचण आली नाही.

अडले ते छाननीपाशी. मुलींनी पट्टीला एकेक वजन लावत लांबी मोजली आणि मग एकेक वजन उतरवत ती पुन्हा मोजली. दोन्ही आलेख एकमेकांवर बसत नव्हते, कारण तेवढ्याच वजनाला उतरताना पट्टी अधिक लांब भरत होती. परीक्षकांनी ‘वाचने जुळत नाहीत, प्रयोग पुन्हा करावा’ असा शेरा मारून अहवाल परत पाठवला. मुलींनी पुन्हा मोजले, आलेख तसेच आले आणि शेराही तोच आला. प्रत्यक्ष भेटले तेव्हा वजनाच्या प्रमाणात लांबी वाढते या हूकच्या नियमाप्रमाणे सरळ रेषाच यायला हवी, असे मला ऐकवण्यात आले. याचा राग अजून गेलेला नाही, कारण प्रकल्पाचा गाभाच त्या न जुळण्यात होता. रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम पोलादी स्प्रिंगला मर्यादेच्या आत उत्तम लागू पडतो. रबराचा आलेख मात्र वाकतो आणि चढत्या-उतरत्या रेषांमध्ये सापडलेले क्षेत्रफळ म्हणजे त्या फेरीत उष्णतेत गेलेली ऊर्जा असते. आकडे जुळवून आणणे म्हणजे मुलींना खोटे लिहायला शिकवणे होते आणि त्याला मी ठाम नकार दिला.

शेवटी मुलींनी परीक्षकांच्याच हाती रुंद रबरबँड दिला. ओठाला लावून झटकन ताणला की तो कोमट लागतो. ताणलेला थोडा वेळ धरून सैल सोडला की गार लागतो. इंग्रज अभ्यासक जॉन गफ यांनी हे १८०५ मध्ये नोंदवले होते आणि भौतिकशास्त्रज्ञ जेम्स जूल यांनी १८५९ मध्ये मोजमापाने सिद्ध केले. मग वजन टांगलेल्या पट्टीवर गरम पाणी ओतले, तेव्हा ती लांबण्याऐवजी आखडली आणि वजन वर उचलले गेले. ताणाने सरळ झालेल्या रेणूंच्या साखळ्या पुन्हा विस्कळीत होऊ पाहतात आणि तापमान वाढले की ही ओढ वाढते, हे मुलींनी न अडखळता सांगितले. अहवाल तिथेच मंजूर झाला. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

हा प्रयोग करणाऱ्यांनी प्रत्येक वजनानंतर सारखाच वेळ थांबून वाचन घ्यावे, कारण रबर सावकाश लांबतच राहते. ऊर्जेसाठी स्प्रिंगचे सूत्र न वापरता आलेखाखालचे चौकोन मोजावेत. त्याआधी वजनाचे न्यूटन आणि लांबीचे मीटर करावेत, म्हणजे उत्तर ज्यूलमध्ये मिळते. नवी पट्टी आधी काही वेळा ताणून घ्यावी, कारण तिचा पहिला आलेख पुढच्या आलेखांहून वेगळा येतो. आणखी एक, वजन हाताने आधार देत हळूच सोडावे. एकदम सोडले तर पट्टी झोल खाऊन जास्त ताणली जाते आणि पुढचे वाचन वाढीव येते.